रुग्णनोंदींचे वर्गीकरण : वारंवारता सारणी आणि वर्गमर्यादेचा प्रश्न

दशविध परीक्षेत चरकाचार्यांनी प्रमाण आणि वय यांना स्वतंत्र स्थान दिले आहे. मोजमाप हे आपल्या शास्त्राला परके नाही. परंतु मोजलेले आकडे केसपेपरांत विखुरलेले राहिल्यास त्यांतून निष्कर्ष निघत नाही. नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी संख्याशास्त्राचा आधार घ्यावा लागतो. व्यवसायी वैद्यानेही निदान वारंवारता सारणीपर्यंत तरी यावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

सामग्रीची मांडणी

अभ्यासासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. संधिगत वाताच्या ३० रुग्णांची पूर्ण वर्षांतील वये नोंदवहीतील क्रमाने अशी आहेत :

५८, ४२, ६३, ५१, ६७, ३८, ५५, ७२, ६०, ४७, ६५, ५३, २९, ६२, ५७, ४९, ६८, ७४, ५६, ४४, ६१, ५२, ६९, ३५, ५९, ६४, ४८, ५४, ६६, ७०

प्रथम लघुतम (२९) व महत्तम (७४) मूल्य शोधावे. त्यांतील फरक ४५ हा सामग्रीचा विस्तार होय. येथे दहा-दहा वर्षांचे वर्ग सोयीचे ठरतात. नंतर प्रत्येक वयासाठी त्या त्या वर्गापुढे ताळ्याची एक खूण करावी व शेवटी खुणा मोजाव्यात. ती संख्या म्हणजे वारंवारता.

वयोगट : रुग्ण : शेकडा प्रमाण
२०–२९ : १ : ३.३
३०–३९ : २ : ६.७
४०–४९ : ५ : १६.७
५०–५९ : ९ : ३०.०
६०–६९ : १० : ३३.३
७०–७९ : ३ : १०.०
एकूण : ३० : १००

नोंदवहीत न दिसणारी गोष्ट येथे एका दृष्टिक्षेपात दिसते. ३० पैकी १९ रुग्ण ५० ते ६९ या वीस वर्षांत एकवटले आहेत. बेरीज मूळ संख्येशी जुळते की नाही, हे दर वेळी पाहावे.

मर्यादा कोठे आखावी?

आता हेच ३० रुग्ण आपल्या संहितांनुसार विभागून पाहू. चरकसंहितेत (विमानस्थान, अध्याय ८) तीस वर्षांपर्यंत बाल, साठपर्यंत मध्य व त्यापुढे जीर्ण वय सांगितले आहे. त्यानुसार बाल १, मध्य १७ व जीर्ण १२ रुग्ण होतात. सुश्रुतसंहितेत (सूत्रस्थान, अध्याय ३५) सोळा वर्षांच्या आत बाल, सत्तरपर्यंत मध्य व त्यापुढे वृद्ध असे विभाजन आहे. त्यानुसार मध्य २८ व वृद्ध अवघे २ !

रुग्ण तेच, वये तीच. तरीही एका सारणीवरून "४० टक्के रुग्ण वार्धक्यातील" असे म्हणता येईल, तर दुसरीवरून "हा मध्यम वयाचाच व्याधी" असे. दोन्ही आचार्यांचे विभाजन आपापल्या जागी सयुक्तिक आहे. प्रमाद घडतो तो कोणती मर्यादा घेतली हे न सांगता निष्कर्ष मांडण्यात.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. १९७१ साली वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात दरडोई दररोज २२५० कॅलरींचा आहार हा निकष धरला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख राहिलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. गरज ही सर्वांची सारखी नसते, तिचेही वितरण असते. सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण कुपोषित नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून येणारी खालची मर्यादा त्यांनी सुचविली. दांडेकरांना ती मान्य झाली नाही. रेषा कोठे ओढायची यावर कोट्यवधी माणसे उपाशी की पोटभर हे ठरत होते. अग्नी व आहारशक्ती व्यक्तिगणिक भिन्न मानणाऱ्या वैद्याला या वादाचे मर्म सहज उमगेल.

औषधनिर्मितीत

फार्मसीचालकांनी एका बॅचमधील वीस गुट्या सुट्या तोलून अशीच सारणी करावी. वजन अपूर्णांकातही येते, म्हणून येथे २९०–३००, ३००–३१० असे असमावेशक वर्ग घ्यावेत व नेमके ३०० मिलिग्रॅम वजन दुसऱ्या वर्गात धरावे. सरासरी ३०० आली तरी निम्म्या गुट्या २८० च्या व निम्म्या ३२० च्या आसपास असू शकतात. सरासरीत हा दोष लपतो. सारणीत दोन वेगळे ढीग दिसताच यंत्र वा मिश्रण तपासता येते.

तात्पर्य, केसपेपरवर "मध्यम वय" असे न लिहिता नेमके वय लिहावे, म्हणजे पुढे कोणतेही वर्ग पाडता येतात. वर्ग निष्कर्षापूर्वी ठरवावेत, ते एकमेकांवर चढू नयेत आणि ठरविण्याचा आधार सारणीखाली नमूद करावा. एवढे पथ्य पाळल्यास लहान चिकित्सालयातील नोंदीही संशोधनाच्या उपयोगी पडतील.