खड्डा बुजवण्याआधी माती तपासा

सेलूत एका वस्तीला लागून असलेला जुना पेट्रोल पंप बंद झाला. जमिनीतल्या टाक्या काढल्या, आणि आम्ही पोचेपर्यंत खड्डा बुजलाही होता. निघालेली माती ट्रॉलीने घरांच्या भरावाला गेली होती. मागच्या गल्लीतल्या बाया म्हणाल्या, "ताई, बोअरच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, पण आम्ही उकळून पितो."

उकळल्याने जंतू मरतात, पेट्रोल जात नाही असं समजा. त्यातलं बेंझीन वाफेबरोबर उडतं आणि बंद स्वयंपाकघरात लेकराबाळांच्या श्वासात जातं. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. तुरटी आणि मेडिक्लोरचाही इथे उपयोग नाही. वास येणारं पाणी पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका, अंघोळही नको. वास नाही म्हणून पाणी चांगलं, असंही धरू नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. इतकं थोडं बेंझीन नाकाला कळत नाही.

इथे आमचीही चूक झाली. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी नेलं, 'पिण्यास योग्य' असा अहवाल आला आणि तो आम्ही वस्तीभर दाखवला. नंतर नीट वाचला. तपासणी जंतू, नायट्रेट, फ्लोराईड यांची होती, पेट्रोलची नव्हतीच. नर्सिंग शिकलेल्यांनी तरी आधी वाचायला हवा होता.

लोखंडी टाकी गंजते. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात पाइपांचे सांधे ताणले जातात. खाली मुरूम आणि भेगांचा काळा पाषाण. गळलेलं इंधन त्या भेगांतून वाट काढतं, म्हणून जवळचा हापसा चांगला आणि लांबचा बोअर खराब असं होऊ शकतं.

म्हणून खड्डा उघडा असतानाच नमुने घ्यायला लावा. वरच्या ढिगातली वाळलेली माती नको, तिच्यातलं बेंझीन उडालेलं असतं. टाकीच्या तळाखालची, खड्ड्याच्या भिंतींची आणि पाइपांच्या सांध्यांखालची ताजी माती हवी. नमुना काचेच्या बाटलीत, हवा न राहता, बर्फात ठेवून जावा. अर्जात स्पष्ट लिहा: बेंझीन, टोल्युईन, इथिलबेंझीन, झायलीन आणि एकूण पेट्रोलियम पदार्थ. पंप 2000 च्या आधीचा असेल तर शिसंही लिहा. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये ते असे. खड्ड्यात आपण उतरू नका. रिकाम्या टाकीतही वाफ साचलेली असते, भंगारात ती गॅस कटरने कापताना स्फोट होतो. आपलीच पोरं ते काम करतात.

अर्ज जिल्हाधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना द्या, नगर परिषदेला प्रत द्या, पोच घ्या. दूषित जागांबाबत केंद्राचे नियम 2025 मध्ये आले आहेत. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने करायची आणि मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, असं त्यात आहे. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार आहेच.

बुजवलेल्या खड्ड्यातही बोअर घेऊन खालची माती काढता येते. आमची मागणी आता तीच आहे. भरावाची माती कोणाकोणाच्या घरात गेली, याची यादी आम्ही करतो आहोत. ज्यांनी ट्रॉली घेतली त्यांनी संकोच करू नये. रविवारी विहारात येऊन नाव सांगावं, आणि घरात वास, डोकेदुखी, मळमळ कधीपासून आहे तेही सांगावं.