वरचं वचन वाचलंस का?

माझ्या पतीच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी माझ्या हाताने बंद केल्या. कोणी बळजबरी केली नव्हती. गोळ्यांचा स्टीलचा डबा मी वरच्या फळीवर सारला, त्याच्या जागी सभेत विकत घेतलेली तेलाची बाटली ठेवली आणि गुडघे टेकून प्रभूचे आभार मानले. साडेतीन महिन्यांनी एका पहाटे हे न्हाणीघरात पडले. उजवी बाजू गेली.

आम्ही नगर जिल्ह्यातले. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून माझी चौथी पिढी. ३१ वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं रविवारी मंडळीतल्या मुलांना शास्त्रही शिकवलं. पवित्र शास्त्रातल्या पुस्तकांची नावं मला झोपेतून उठवलं तरी ओळीने सांगता येतात. हे सांगते ते एवढ्यासाठी, की ‘आपण फसणार नाही’ असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यातलीच मी एक होते.

त्या वर्षी मुलाची कंपनी बंद पडली. ह्यांच्या निवृत्तीचे पैसे घराच्या कर्जात गेले होते. मला रात्र रात्र झोप लागत नसे. अशात शेजारच्या बाई एका प्रार्थनासभेला घेऊन गेल्या. दुकानांच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, ढोलकी आणि कीबोर्ड. पहिल्याच दिवशी तिथल्या पास्टरांनी माझ्या मुलाचं नाव विचारलं. पुढच्या आठवड्यात त्यांना ते आठवत होतं. तिथल्या चार बायकांनी त्याच्यासाठी उपास केला. हे प्रेम खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्या बायका खऱ्याच होत्या, माझ्यासारख्याच.

पहिले काही महिने मी जे ऐकलं त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. वधस्तंभ, पापक्षमा, पुनरुत्थान, सगळं आमच्या मंडळीत शिकवतात तसंच, उलट जास्त आवेशाने. मग हळूच एक शब्द आला, ‘बी’. देवाच्या राज्यात जो पेरतो तोच कापतो, आणि बी म्हणजे तुमच्या हातातला पैसा. अर्पण म्हणायचं नाही, बी म्हणायचं. शंभरपट परत येतं. मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडून दाखवला जायचा. मी माझ्या आईच्या पाटल्या दिल्या. चार तोळ्यांच्या. मुलाच्या नोकरीसाठी पेरल्या.

त्यानंतर जिभेचं शिक्षण आलं. जीवन आणि मरण जिभेच्या हाती आहे, असं नीतिसूत्रांत लिहिलं आहे. म्हणून आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही. ‘मला बीपी आहे’ म्हणणं म्हणजे आजाराला घरात बसायला पाट देणं. ‘मी बरा झालो आहे’ असं म्हणायचं, दिसो वा न दिसो. आणि जो बरा झाला आहे तो गोळ्या कशाला घेईल? हे शेवटचं वाक्य मंचावरून कोणी बोललं नाही. ते आमचं आम्हालाच सुचावं अशीच सगळी मांडणी होती. पास्टरांनी फक्त ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, “विश्वास आहे ना?” पुढच्याच रविवारी मी माइक हातात घेऊन साक्ष दिली की माझे पती बरे झाले, औषध सुटलं. दीडदोनशे माणसं बसली होती. टाळ्या झाल्या. त्यांतल्या कोणी माझं ऐकून घरी जाऊन गोळ्या टाकून दिल्या असतील का, हा प्रश्न मला आजही रात्री जागं ठेवतो.

दवाखान्यात चौथ्या दिवशी पास्टर आले. ह्यांना बोलता येत नव्हतं. पास्टरांनी मला व्हरांड्यात नेलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “ताई, घरात कोणी नकारात्मक बोललं होतं का?” मी आठवायला लागले. खरंच आठवायला लागले. कोण कधी काय बोललं, मुलगा चिडून काय म्हणाला, माझ्या मनात कधी शंका आली. तिथल्या बाकावर बसून मी माझ्या नवऱ्याच्या अर्धांगवायूसाठी स्वतःच्या घरात गुन्हेगार शोधत होते.

माझ्या आत्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या. त्या वेळी वय ऐंशीच्या पुढे. काठी टेकत आल्या, ह्यांच्या पायांवरून हात फिरवला आणि माझ्याजवळ बसल्या. मी सगळं सांगितलं. पण शेवटी म्हटलं, “आत्या, पास्टरांना काही बोलू नका. देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये, असं वचन आहे.” त्यांनी एवढंच विचारलं, “वरचं वचन वाचलंस का?”

वाचलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून शास्त्र काढलं आणि १०५ वं स्तोत्र माझ्यापुढे धरलं. त्या ओळीच्या वर काय आहे? अब्राहाम, इसहाक, याकोब यांची गोष्ट. मूठभर परदेशी माणसं, ना घर ना जमीन, या राज्यातून त्या राज्यात भटकणारी. त्यांना कोणी छळू नये म्हणून देवाने राजांना ताकीद दिली. म्हणजे ते वचन बेघरांच्या बाजूने आणि सत्ताधाऱ्यांना उद्देशून आहे. मंचावर उभ्या असलेल्या माणसाला प्रश्न विचारू नये असं त्यात कुठेच नाही. शौल अभिषिक्त होता म्हणून दाविदाने त्याचा जीव घेतला नाही हे खरं. पण त्याच दाविदाने शौलाला सगळ्यांदेखत त्याचा अन्याय सांगितला. आणि दावीद स्वतः अभिषिक्त राजा झाल्यावर नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर त्याचं पाप उघड केलं.

ह्यांच्या उशाशी बसून पुढच्या दोन महिन्यांत मी एक वही भरली. सभेत जी जी वचनं आम्हाला पाठ करायला लावली होती, ती एका बाजूला लिहिली. दुसऱ्या बाजूला त्या वचनाच्या आधीचं आणि नंतरचं. शंभरपटीचं वचन काढलं. प्रभू येशूने घरदार सोडून मागे आलेल्यांना ते सांगितलं होतं, आणि त्याच वाक्यात छळाचाही उल्लेख आहे. इतक्या वेळा ऐकूनही तो शब्द माझ्या कानावर एकदाही पडला नव्हता. मलाखीचा दशमांश काढला. त्याच पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांत देवाचा राग लबाड याजकांवर आहे. आणि अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायला सांगितला आहे, लेव्यांसाठी, परक्यांसाठी, अनाथांसाठी आणि विधवांसाठी. आमच्या हॉलमध्ये तीन विधवा यायच्या. त्यांना कोणी काही दिल्याचं मी पाहिलं नाही. त्यांच्याकडून घेतलेलं मात्र पाहिलं. योहानाच्या तिसऱ्या पत्रातलं क्षेमकुशलाचं वचन काढलं, ज्यावर ‘देवाला तुम्ही श्रीमंत आणि निरोगीच हवे आहात’ हे सगळं शिक्षण उभं होतं. ती गायस नावाच्या मित्राला पत्राच्या सुरुवातीला दिलेली सदिच्छा आहे. आपण ‘सर्व कुशल असो’ लिहितो, तशी.

आजाराबद्दल जे सापडलं त्याने मला सगळ्यांत जास्त रडवलं. पौलाने तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, विश्वास वाढव म्हणून झिडकारलं नाही. त्रफिमाला आजारी असताना मिलेतात ठेवून पौलाला पुढे जावं लागलं. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. तेलाचं वचन याकोबाच्या पत्रात आहे, पण तिथे आजारी माणूस मंडळीच्या वडिलांना बोलावतो आणि ते त्याच्याकडे येतात. आम्ही रांगेत उभे राहून बाटली विकत घेतली होती.

आत्यांनी त्या दिवसांत मुक्ती मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाईंची एक गोष्ट सांगितली. १९०५ मध्ये मुक्तीत मोठं आध्यात्मिक जागरण झालं. रडणं, पापांची कबुली, रात्रंदिवस प्रार्थना. आत्म्याचं काम नाकारणारी ती जागा नव्हती. तरी रमाबाईंना ऐकू कमी यायचं ते कमीच राहिलं, आणि १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या हयातीतच गेली. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. तोवर हिब्रू आणि ग्रीकमधून संपूर्ण शास्त्राचं मराठी भाषांतर करण्याचं काम त्यांनी धरून ठेवलं होतं. खेड्यातल्या साध्या बाईला कोणाच्या मध्यस्थीशिवाय वाचता यावं, हा त्यामागचा ध्यास. आत्या म्हणाल्या, “एवढ्यासाठी त्यांनी डोळे झिजवले, आणि तू वाचता येत असून दुसऱ्याच्या तोंडून ऐकत बसलीस.”

हे बीचं शिक्षण आपल्याकडे कुठून आलं तेही मी नंतर शोधलं. शास्त्रातून थेट उगवलेलं नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत ते वाढलं. केनेथ हेगिन, ओरल रॉबर्ट्स ही त्यातली मोठी नावं. टीव्हीवरून, पुस्तकांतून ते जगभर गेलं. २०१० मध्ये केप टाउनला जगभरातल्या सुवार्तिक मंडळींची परिषद भरली, तिच्या निवेदनात या शिक्षणाला स्पष्ट विरोध केला आहे. आणि २०१९ मध्ये बेनी हिन या जगप्रसिद्ध प्रचारकांनी स्वतःच जाहीर केलं की सुवार्तेला किंमत लावणं चुकीचं आहे, बीच्या नावाने ठरावीक रक्कम आपण यापुढे मागणार नाही. ते ऐकलं तेव्हा मला आईच्या पाटल्या आठवल्या.

आता तुम्हाला सांगायचं ते. खोटं शिक्षण शास्त्र बाजूला ठेवून येईल अशी वाट पाहू नका. ते शास्त्र हातात घेऊनच येतं. सैतानानेही अरण्यात प्रभूला वचनच ऐकवलं होतं. म्हणून कोणी एक ओळ दिली की तो अख्खा अध्याय वाचा. कोण बोलतंय, कोणाला बोलतंय, का बोलतंय, एवढं विचारा. त्याला पदवी लागत नाही. बिरुयातल्या लोकांनी प्रत्यक्ष पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्राशी ताडून पाहिलं, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांची प्रशंसा आहे. तुमच्या प्रश्नाने ज्या शिक्षकाचा चेहरा उतरतो किंवा आवाज चढतो, त्याच्याकडून उठून या.

पैसा कोणाकडून कोणाकडे जातो ते बघा. पहिल्या-दुसऱ्या शतकातली ‘दिदाखे’ नावाची एक छोटी ग्रीक पुस्तिका आहे. तिचं हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं. गावोगाव फिरणाऱ्या संदेष्ट्यांना कसं ओळखावं हे तीत लिहिलं आहे. जो आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागतो त्याचं ऐकू नका. गरजवंतांसाठी मागतो त्याला दोष देऊ नका. इतक्या जुन्या काळीही मंडळ्यांना हे लिहून ठेवावं लागलं होतं.

आणि जे शिक्षण बरं झालेल्याचं श्रेय प्रचारकाला देतं पण बरं न झालेल्याचा दोष आजाऱ्याला देतं, ते ख्रिस्ताचं नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचं असं विचारलं, तेव्हा प्रभूने ना त्याला दोष दिला ना त्याच्या आईबापांना. गोळ्या आणि प्रार्थना यांत निवड करायला जो लावतो त्याच्या घरी औषधाचा डबा आहे की नाही हेही एकदा बघा. औषध आणि प्रार्थना यांत वैर नाही; डॉ. वॅनलेस यांनी मिरजेत उभं केलेलं मिशन हॉस्पिटल आपल्याच लोकांनी प्रार्थना करत चालवलं.

एक गोष्ट आवर्जून सांगते. मी पोळले म्हणून प्रत्येक नव्या मंडळीला खोटी म्हणणार नाही. हात वर करून गाणं, ढोलकी, अश्रू, अन्य भाषा, या गोष्टी आपल्या सवयीच्या नसतील, पण त्यामुळे कोणी खोटा शिक्षक ठरत नाही. आणि काळा झगा घातलेला पाळकही चुकीचं शिकवू शकतो. त्या पास्टरांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते गेले तर दुसरे येतील. ओळखायचं ते शिक्षण.

मुलाला पुढे नोकरी लागली, जुन्या ओळखीतून, साध्या पगाराची. पाटल्या परत आल्या नाहीत. हे आता डाव्या हाताने जेवतात, थोडं थोडं बोलतात, आणि सकाळच्या गोळ्या आम्ही प्रार्थना करून, पाण्याच्या घोटाबरोबर घेतो. त्या माइकवरची साक्ष मी परत घेतली. हॉलमध्ये मला बोलू दिलं नाही, म्हणून घरोघर जाऊन सांगितलं. दोघींनी दार लावून घेतलं. एकीने मात्र कपाटातून नवऱ्याच्या शुगरच्या गोळ्या काढून दाखवल्या, पाच आठवडे न उघडलेल्या. आम्ही तिघं त्याच दुपारी डॉक्टरांकडे गेलो.

आमच्या जुन्या मंडळीतल्या वडिलांना आणि पाळकांना माझी एक विनंती आहे. मी तिकडे गेले तेव्हा कितीतरी रविवार आमचं बाक रिकामं होतं. आमच्या घरी कोणी आलं नाही. तुमच्या मंडळीत आज कोणाचं बाक रिकामं आहे ते बघा, आणि या आठवड्यात त्यांच्या घरी जा.