ढीग पिकला का?

सुपर फॉस्फेटच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरीची सगळी वर्षं गेली. त्यातले हे काही शिकलेले धडे.

१. रॉक, म्हणजे फॉस्फेटचा खनिज दगड, नुसता शेतात टाकून भागत नाही. राजस्थानातल्या झामरकोटऱ्याचा असो की जॉर्डनचा, त्यातलं स्फुरद फ्लोरॲपेटाइटमध्ये अडकलेलं असतं. कोकणातल्या आंबट जमिनीत ते थोडंफार सुटतं, देशावरच्या चुनखडीच्या काळ्या रानात जवळपास नाहीच. सल्फ्युरिक ॲसिडने ते सोडवायचं, एवढाच आमचा धंदा.

२. दळणात काटकसर नको. जाड कणाभोवती ॲसिडच्या क्रियेतून तयार झालेल्या जिप्समचं कवच बसतं आणि आतला रॉक कोराच राहतो.

३. फेसाला घाबरू नये. रॉकमधलं कार्बोनेट फुकटचं ॲसिड खातं म्हणून आम्ही कुरकुरायचो. पण त्याच बुडबुड्यांनी डेनमधला, म्हणजे रॉक-ॲसिडचं मिश्रण घट्ट होतं त्या कोठीतला, माल ढोकळ्यासारखा जाळीदार होतो आणि कटरला नीट कापता येतो.

४. डेनमधून निघालं म्हणजे खत झालं, असं नाही. हे मला महागात पडलं. सल्फ्युरिक ॲसिड झटपट संपतं, पण हिशेबाने ते दहातले सात भागच रॉक फोडतं. उरलेले तीन भाग, त्यातूनच तयार झालेलं फॉस्फोरिक ॲसिड ढिगात दोन-तीन आठवडे सावकाश फोडत बसतं. एका जूनमध्ये पेरणी तोंडावर, ट्रक दारात. नऊ दिवसांच्या ढिगावर मी सही केली. तेव्हा गोण्या तागाच्या असत. महिन्याभराने दुकानदाराने मला गोदामात नेलं, एका गोणीचा कोपरा चिमटीत धरला. भिजलेल्या पापडासारखा तो हातात आला. आतलं खत मात्र दगड. ढिगात न संपलेल्या फ्री ॲसिडने ताग खाल्ला होता. "साहेब, हे शेतकऱ्याला पहारीने फोडून देऊ का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

५. स्क्रबरची, म्हणजे धूर पाण्याने धुणाऱ्या यंत्राची, नोझलं रोज बघावीत. रॉकमधलं फ्लोरिन वाळूतल्या सिलिकाशी मिळून वायू होऊन उडतं. पाणी लागताच फ्लुओसिलिसिक ॲसिड होतं, आणि सोबत सिलिकाचा खळीसारखा चिकट गाळ. तो नोझलात बसला की धूर बाहेर. आमच्या खिडक्यांच्या काचा उगाच दुधी झाल्या नव्हत्या.

६. गोणीवरचं १६ टक्के स्फुरद सगळे वाचतात, ११ टक्के गंधक कुणी वाचत नाही. ते जिप्सममधून येतं, रॉकमधला कॅल्शियम घेऊन. भुईमुगाला दोन्ही लागतात. डीएपीत स्फुरद ४६ टक्के, पण ही जोडी नाही. वडील भुईमुगाला सुपरच मागायचे. का, ते मला नोकरी लागल्यावर कळलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "शेंग भरते."