‘थ्रोएओ’ ह्या शब्दाचा अर्थ
(शास्त्रभाग : मार्क 13:5–9)

मार्काच्या तेराव्या अध्यायाच्या सातव्या वचनात प्रभू शिष्यांस घाबरू नका असे सांगतो. तेथे मूळ हेल्लेणी क्रियापद ‘थ्रोएओ’ हे आहे. नव्या करारात ते केवळ तीन ठिकाणी येते : येथे, मत्तय 24:6 मध्ये, व 2 थेस्सलनीकाकरांस 2:2 मध्ये. भयाचा नेहमीचा शब्द ‘फोबोस’. तो सोडून हा का योजिला, हे पाहण्याजोगे आहे.

‘थ्रोओस’ म्हणजे गलबला, पुष्कळ कंठांतून एकदम उठणारा आवाज. होमर कवीने इलियडच्या चौथ्या सर्गात त्रॉयच्या सैन्यातील नाना देशींच्या लोकांच्या बोलीविषयी हाच शब्द वापरला आहे. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा जुना अर्थ मोठ्याने ओरडणे. पुढे तो आरोळीने बावरून जाणे असा झाला. म्हणजे हे भय कानावाटे आत शिरते. थेस्सलनीका येथील मंडळीपुढे तर प्रभूचा दिवस आलाच अशी वार्ता होती, आणि प्रेषिताच्या नावावर खपविलेले पत्र. तेवढ्यानेच तिचे मन डळमळू पाहत होते.

आठव्या वचनात भूमिकंप येतात. लातूर-नांदेडकडील वाचकांस ते समजावून सांगणे नको. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात सुमारे 10,000 माणसे मेली. सप्टेंबर 2022 मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी येथे जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले, तेव्हा गावकऱ्यांस तीच पहाट आठवली असेल. 21 मार्च 2024 रोजी सकाळी नांदेडासही धक्के जाणवले.

अशा वेळी हे वचन घेऊन, आवाजाकडे लक्ष देणे हाच अविश्वास होय, असे कोणी शिकवील तर ते आम्हांस मान्य नाही. किल्लारीस 1992 सालीही धक्के बसले होते. तरी दगडमातीच्या रुंद भिंती व जड माळवदे तशीच उभी राहिली, आणि निजलेली माणसे त्यांखालीच सापडली. (मेलेल्यांसाठी रडू नका असेही हा शब्द म्हणत नाही.) त्याच अध्यायात प्रभू चार वेळा ‘ब्लेपेते’ म्हणतो, वचने 5, 9, 23 व 33 पाहावी. ‘ब्लेपो’ म्हणजे डोळ्यांनी पाहणे, त्यावरून सावध असणे. कानाने बावरू नये, डोळे मात्र उघडे ठेवावे, असा हा जोड आहे.

तेव्हा भिंतीस तडा गेला असेल तर उपदेशक बंधूंनी तो जाऊन पाहावा, व त्या घरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांस माळवदाखाली निजू देऊ नये. आणि अमक्या रात्री मोठा धक्का येणार असे कोणी सांगत फिरेल, त्यास ही वार्ता कोठून आणिली असे विचारावे. भूमिकंपाचा दिवस व घटका आधी सांगण्याची विद्या अद्याप कोणाही शास्त्रज्ञाजवळ नाही.