आधी प्लग, मग गाडी

चि. गौरीस,


तुझा मेसेज मिळाला. चार गाड्यांचे फोटो, चौघींच्या किमती आणि खाली एकच ओळ : "काका, यातली कोणती घेऊ?" फोन केला असता, पण फोनवर तू "हो हो" म्हणतेस आणि करतेस मनाचंच. म्हणून हे पत्र.

वारज्याहून हिंजवडी म्हणजे जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. इलेक्ट्रिक स्कूटरला ही धाव मापात बसते, तेव्हा गाडी जरूर घे. तुझे बाबा "पेट्रोलचीच बरी" म्हणतील. दादाचं ते ठरलेलंच आहे, मनावर घेऊ नकोस. पण कोणती गाडी घ्यायची, हा नंतरचा प्रश्न. रात्री ती कुठे लावणार आणि तिला वीज कुठून देणार, याचं उत्तर आधी हवं. तुझ्या मेसेजमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही.

तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता. गॅलरीतून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडायचा विचार असेल, तर तो आत्ताच सोडून दे. माझी सगळी नोकरी वीज मंडळातच झाली. घरातल्या जळालेल्या बोर्डांपाशी मी पुष्कळदा उभा राहिलोय, आणि बहुतेक वेळा गुन्हेगार एखादा सैल जोडच निघायचा. स्कूटरचा चार्जर साधारण ८००-९०० वॅटचा, म्हणजे चार अँपिअरच्या आसपास. आकडा काही मोठा नाही, मिक्सरही थोड्याफार फरकाने तेवढंच ओढतो. पण मिक्सर दोन मिनिटांत बंद होतो आणि चार्जर चार-पाच तास चालतो. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी जराशी ढिली असली की तिथे ऊब धरते, प्लास्टिक पिवळं पडतं, मऊ होतं, आणि घरातली माणसं तेव्हा गाढ झोपेत असतात. चार्जिंग सुरू करून तासाभराने प्लगला हात लावून बघायची सवय ठेव. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल, तर तो सॉकेट बदलेपर्यंत पुन्हा वापरायचा नाही.

योग्य रस्ता असा. पुण्यातल्या बहुतेक इमारतींत मीटरची खोली तळमजल्यावर, पार्किंगलगतच असते. तुमच्याच मीटरवरून स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाली की वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी टाकून अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाइपातून तुझ्या पार्किंगपर्यंत न्यायची. शेवटी कुलूप लागेल अशा पेटीत १६ अँपिअरचा सॉकेट. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घे आणि अर्थिंग तुझ्यासमोर तपासायला लाव. "अर्थिंग आहे हो" हे तोंडी उत्तर मी कधीच धरलं नाही, तूही धरू नकोस. सोसायटीला आधी लेखी अर्ज दे आणि त्याची पोच घे. चेअरमनसाहेब कुरकुर करतील. त्यांना सांग की बिल आमच्याच मीटरवर येणार आहे, सामायिक विजेला धक्का नाही. बहुतेकांची खरी शंका तीच असते.

बॅटरी काढून घरात नेता येते, अशी एक गाडी तुझ्या यादीत आहे. पार्किंगमध्ये सोय नसेल तर तिचा उपयोग आहे, पण दहा-बारा किलोचं ओझं रोज तीन मजले चढवायचं, हे लक्षात घे. आणि ती बॅटरी जिन्यात किंवा मुख्य दाराजवळ चार्जिंगला लावायची नाही. लिथियमची बॅटरी क्वचितच पेटते, पण पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

२०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला गाड्या पेटल्याच्या बातम्या एकामागून एक आल्या, तू तेव्हा कॉलेजात होतीस. त्यानंतर बॅटरीसाठीचं एआयएस १५६ हे मानक कडक झालं आणि त्याचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. म्हणून तुझ्या यादीतली ती स्वस्तातली सेकंडहँड गाडी मला पसंत नाही. घ्यायचीच असेल तर आरसीवर उत्पादनाचा महिना बघ. या तारखेआधीची असेल तर नको.

आता रेंज. जाहिरातीतला आकडा अगदीच खोटा नसतो, पण तो तुझ्या रस्त्याचाही नसतो. गाड्यांची प्रमाणपत्रं देणारी एआरएआय तुमच्या जवळच, वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडी रोलरवर चालवतात. इंडियन ड्रायव्हिंग सायकल नावाची जी चाचणी आहे तिच्यात कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर. तू चांदणी चौक ओलांडून बायपासला लागलीस की साठच्या खाली जाणार नाहीस. ४२ चे ६० झाले की हवेचा अडथळा दुपटीवर जातो, वर समोरून वारा. तेव्हा छापील आकड्याचे दोन तृतीयांश धर, आणि बॅटरी जुनी होईल तशी आणखी थोडी घट धर. एवढं वजा करूनही दोन दिवसांची ये-जा निघत असेल, तर ती गाडी तुझी. एखाद्या रात्री वीज गेली तरी सकाळी रिक्षा शोधावी लागणार नाही.

बिलाचा हिशेब सोपा आहे. चाळीस किलोमीटरला चार्जरमधली गळती धरून दीडेक युनिट, म्हणजे महिन्याला चाळीसच्या आसपास. पेट्रोलपुढे हे काहीच नाही. फक्त एक बघ : तुमचं घरगुती बिल आज शंभर युनिटच्या आत राहत असेल, तर या चाळीस युनिटांनी ते पुढच्या स्लॅबमध्ये जाऊ शकतं आणि मग वरची युनिटं महाग पडतील. तरीही सौदा फायद्याचाच आहे, पण पहिलं बिल बघून वहिनींनी मला फोन करू नये म्हणून आधीच सांगतोय. पर्यावरणाबद्दल मात्र फार गर्व नको. कोराडी आणि चंद्रपूरला कोळसा जळतो तेव्हा आपल्याकडची बरीचशी वीज येते. हिरवी नंबरप्लेट लावली म्हणून कुणाला व्याख्यान देऊ नकोस.

चालवण्याबद्दल थोडं. अशी गाडी जागेवरूनच पूर्ण जोर लावते. पेट्रोलच्या गाडीची सवय असलेला हात पहिल्या सिग्नललाच फसतो, आणि पावसात झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर मागचं चाक सरकतं. सुरुवातीचे काही दिवस इको मोडच ठेव. दुसरी गोष्ट शोरूमवाले सांगत नाहीत. थ्रॉटल सोडला की मोटर उलट वीज बनवते आणि गाडी आपोआप मंदावते, हे तुला दोन दिवसांत अंगवळणी पडेल. पण बॅटरी पूर्ण भरलेली असताना त्या विजेला आत जागाच नसते. त्यामुळे रात्रभर चार्ज करून सकाळी निघालीस की तीच गाडी थ्रॉटल सोडूनही पुढे पळत राहते. अशा सकाळी ब्रेकवर बोटं आधीपासून हवीत. रोज शंभर टक्के भरूही नकोस. ऐंशीपर्यंत पुरे, बॅटरीलाही ते मानवतं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर कंपनीने सांगितलं असेल त्याप्रमाणे अधूनमधून पूर्ण भर. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नकोस, अर्धा तास निवू दे.

गाडीचा आवाज नाही. आपल्याकडे माणसं रस्ता कानाने ओलांडतात, डोळ्यांनी नाही. थांबलेल्या बसच्या पुढून कुणीतरी येणारच, असं धरून चालव. हेल्मेट आयएसआयचं, पूर्ण चेहऱ्याचं, पट्टा लावलेलं. यावर चर्चा नाही.

आता गाडी धुण्याबद्दल. आयपी ६७ हे मानांकन म्हणजे बॅटरी मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते. पण वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. ओल्या फडक्याने पूस.

ताशी पंचवीसच्या आतली, अडीचशे वॅटची, लायसन्स न लागणारी गाडी तू क्लासला जाणाऱ्या चिन्मयसाठी विचारली होतीस. गल्लीतून ती ठीक आहे. बायपासवर ट्रकांच्या मध्ये ती नेऊ देऊ नकोस.

तुझ्या यादीतली सेकंडहँड गाडी सोडून उरलेल्या तिघींपैकी जिचं सर्व्हिस सेंटर वारजे किंवा हिंजवडीच्या वाटेवर असेल, ती घे. रंग तुझा तू ठरव. मात्र बुकिंगचे पैसे भरण्याआधी मीटरच्या खोलीचा आणि तुझ्या पार्किंगचा फोटो मला पाठव, मधलं अंतर पावलांनी मोजून. वायर किती लागेल आणि एमसीबी कोणती, ते मी लिहून कळवतो.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
बापूकाका