चुलीचा धूर आणि डोळ्यांतील भिंग

केस पिकणे, कंबर वाकणे आणि नजर मंद होणे या तीन गोष्टी म्हातारपणाबरोबर येणारच, असे आपल्याकडे पूर्वापार मानले जाते. उतारवयात नजर मंद होण्याचे आपल्या देशातील एक प्रमुख कारण म्हणजे मोतीबिंदू. मोतीबिंदू हा बाहेरून डोळ्यावर चढणारा पडदा नव्हे. बुबुळाच्या मागे असलेले आपले स्वतःचे पारदर्शक भिंगच गढूळ होते. ते का होते, हे समजण्यासाठी आधी भिंगाची रचना पाहू या.

भिंग हे मुख्यतः पाणी आणि प्रथिने यांचे बनलेले असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर प्रकाशाला अडथळा झाला असता. त्वचेच्या जुन्या पेशी झडतात व नव्या येतात. भिंगाचे तसे नाही. तेथे जुने तंतू टाकले जात नाहीत, नवे तंतू त्यांच्यावर थरावर थर चढत जातात. ऐंशी वर्षांची आजी ज्या भिंगातून नातवंडांकडे पाहते, त्याचा गाभा ती आपल्या आईच्या पोटात असतानाच तयार झालेला असतो. एवढ्या जुन्या प्रथिनांना झालेली इजा भरून येणे अवघड असते.

ही इजा होते कशी? चिरलेले वांगे उघडे ठेवले की काळे पडते, हे तुम्ही स्वयंपाकघरात पाहिले असेल. पावसात विसरलेला विळा गंजतो. या दोन्ही क्रिया हवेतील ऑक्सिजनमुळे होतात. त्यांना ऑक्सिडीकरण म्हणतात. शरीरातही ऑक्सिजन वापरला जाताना काही अतिशय क्रियाशील कण निर्माण होतात. सूर्याचे अतिनील किरण आणि तंबाखूचा धूर यांमुळे ते वाढतात. त्यांना आवर घालणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. क जीवनसत्त्व हे त्यांपैकी एक असून, भिंगाभोवतीच्या द्रवात ते रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. शरीराने जणू डोळ्यासाठी राखून ठेवलेला हा साठा आहे. साठा अपुरा पडू लागला की पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो, प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग जसा अपारदर्शक होतो, तसे भिंग होऊ लागते.

हा विचार प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९६७ साली डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र स्थापन झाले. भारत व अमेरिका यांनी मिळून तेथे केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. मोतीबिंदूचे १४४१ रुग्ण आणि मोतीबिंदू नसलेल्या ५४९ व्यक्ती यांची तुलना त्यात केली होती. रक्तातील अँटिऑक्सिडंटचा एकत्रित निर्देशांक ज्यांचा कमी होता, त्यांच्यात मोतीबिंदूचे प्रमाण अधिक आढळले. लाकूड, शेणी अशा स्वस्त इंधनावर स्वयंपाक होणाऱ्या घरांतही ते अधिक आढळले.

पुढे २०११ मध्ये साठ वर्षांवरील ग्रामीण लोकांच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. पाहणीचा उत्तरेकडील भाग दिल्लीलगतच्या गुडगाव, म्हणजे आजच्या गुरुग्राम परिसरातील होता. दुसरा दक्षिण भारतातील. उत्तरेत सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेत सुमारे ४६ टक्के लोकांच्या रक्तात क जीवनसत्त्वाची कमतरता दिसली. तंबाखूचे सेवन करणाऱ्यांत आणि लाकूड-शेणीचे इंधन वापरणाऱ्यांत ती अधिक होती. ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व भरपूर होते, त्यांना मोतीबिंदू कमी होता. आवळा, पेरू आणि लिंबू पिकवणाऱ्या देशात ही स्थिती असावी, हे विचार करायला लावणारे आहे. अर्थात, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. जेथे चूल धुमसते तेथे बहुधा गरिबी असते, आहार निकृष्ट असतो आणि उन्हातले कष्टही असतात. तरी धूर छातीलाही घातक आहेच. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून कोट्यवधी घरांत गॅस पोहोचला. पण सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च न पेलल्याने कित्येक घरांत गॅसशेजारी चूलही पेटते.

मग जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या तर? दक्षिण भारतात ३५ ते ५० वर्षे वयाच्या ७९८ व्यक्तींना पाच वर्षे अशा गोळ्या किंवा तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या देऊन पाहण्यात आले. मोतीबिंदूची वाढ थांबली नाही, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील मोठ्या चाचणीतही २००१ मध्ये मोतीबिंदूबाबत हेच दिसले. दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूच्या ऱ्हासात मात्र, रोग मध्यम अवस्थेत असताना, अँटिऑक्सिडंट व जस्त यांच्या मोठ्या मात्रेने तो बळावण्याचा धोका सुमारे चतुर्थांशाने घटला. त्या मिश्रणातील बीटा-कॅरोटीन धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. म्हणून अशा गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेण्याच्या नव्हेत. ताज्या फळांची गोष्ट निराळी. तीही कच्ची खावीत, कारण फार शिजवल्याने क जीवनसत्त्व नष्ट होते.

गढूळ झालेले भिंग पुन्हा स्वच्छ करणारे थेंब आजवर सिद्ध झालेले नाहीत. उपाय एकच: शस्त्रक्रिया करून ते भिंग काढणे व त्या जागी कृत्रिम भिंग बसवणे. बहुधा जागा बधिर करूनच ही शस्त्रक्रिया होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. सरकारी रुग्णालयांत व अनेक शिबिरांत ती विनामूल्य केली जाते. तरीही ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’ म्हणून घरातील वृद्धांना, विशेषतः स्त्रियांना, वर्षानुवर्षे थांबवले जाते. पूर्वीच्या पद्धतीत भिंग कठीण होईपर्यंत वाट पाहिली जात असे. आता तशी आवश्यकता नाही. उलट, फार पिकलेला मोतीबिंदू फुगून डोळ्यातील दाब वाढवू शकतो. या दाबाने दृष्टिचेतेला इजा झाली, तर नंतर भिंग बदलूनही गेलेली नजर परत येत नाही.