तुळस का वाळते?

गळ्यात तुळशीची माळ आणि अंगणातले वृंदावन मात्र ओसाड, हे वारकऱ्याच्या घराला शोभत नाही. तरी आमच्या वर्धा जिल्ह्यात कार्तिकात लग्न लावलेली तुळस वैशाखात काडी झालेली पुष्कळ अंगणांत दिसते. कीर्तन आटोपले की मायमाउल्या विचारतात, "महाराज, रोज पाणी घालतो जी, तरी तुळस का जगत नाही?" दोष दैवाचा नव्हे, मातीचा आणि आपल्या हाताचा आहे.

प्रथम माती. आपली कपाशीची काळी जमीन पावसात पाणी धरून बसते व उन्हाळ्यात भेगाळते. तुळशीच्या मुळांना दोन्ही सोसत नाही. म्हणून काळी माती, नदीची वाळू व कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. वृंदावनाच्या तळाशी भोक ठेवून त्यावर खापर ठेवावे.

दुसरे बी. ते फार बारीक. खोल पुरले तर उगवत नाही. मृगाच्या पावसानंतर बारीक मातीत मिसळून वरचेवर भुरकावे. रोपाला चार-सहा पाने आली की वृंदावनात लावावे.

तिसरी मंजिरी. संस्कृतात तुळशीला 'बहुमंजरी' म्हणतात. मंजिऱ्या झाडावरच पिकू दिल्या तर झाडाचे बळ बियांत जाते व ते निबर होऊन वाळते. कोवळ्या खुडल्या तर खाली नवे फुटवे येतात आणि झाड दोन-तीन वर्षे टिकते. बियांपुरत्या एक-दोन राखाव्यात. द्वादशीला तोडू नये, हा नेम आहेच. पाहा, विठोबाला मंजिरी वाहिली की देवाची सेवा होते आणि झाडाचीही!

चौथी गोष्ट नाजूक आहे. भाविकपणे आपण बुंध्याशी दूध, तेल, हळदकुंकू घालतो. दूध मुळाशी नासते, दिव्याच्या आचेने खोड करपते. कुंकू वृंदावनाच्या भिंतीला लावा, दिवा कोनाड्यात ठेवा; तुळशीला पाणीच पुरे.

उन्हाळ्यात इकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा सकाळी पाणी द्यावे, दुपारी तट्ट्याची सावली करावी. पावसाळ्यात मात्र मातीत बोट घालून पाहावे. ओल असेल तर पाणी घालू नये.

कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी पंढरीस निघते तेव्हा ऊन पुरते उतरलेले नसते. डोक्यावर वृंदावन घेऊन चालणाऱ्या माउलीने घरची तुळस शेजारणीच्या हवाली करूनच पाऊल उचलावे.

झाड म्हातारे होऊन वाळले तर फेकू नये; त्याच्या काष्ठाचे मणी होतात. त्याच्याच बियांचे रोप शेजारी वाढत असावे, म्हणजे वृंदावन रिते राहत नाही. रामकृष्णहरि.